उद्याचे बँकप्रमुख आणि डिजिटल उलथापालथ : त्यांना नेमके काय शिकवावे?

अभ्यासमंडळ
नमस्कार. बँकेतील मधल्या फळीचे जे अधिकारी येत्या दहा-बारा वर्षांत विभागप्रमुख, महाव्यवस्थापक किंवा त्याहून वरच्या पदांवर जातील, त्यांच्यासाठी दीड वर्षाचा प्रशिक्षणक्रम आखण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. हाती आलेल्या पहिल्या मसुद्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, क्लाउड, सायबर सुरक्षा आणि 'नवोन्मेषाची संस्कृती' अशी प्रकरणे आहेत. प्रत्येकाला दोन-तीन दिवस दिले असून शेवटी एका तंत्रज्ञान कंपनीची भेट ठेवली आहे.

या मसुद्याने माझे समाधान होत नाही. यादीतली निम्मी नावे हे अधिकारी निर्णयाच्या खुर्चीत बसेपर्यंत मागे पडलेली असतील, आणि उरलेल्यांविषयी सल्ला देणारे तज्ज्ञ त्यांच्या हाताखाली असतीलच. प्रमुखाच्या वाट्याला येतो तो निर्णय: कोणती प्रणाली घ्यायची, ती कधी सुरू करायची आणि सगळे उत्सुक असताना कधी थांबवायची. हा निर्णय घेण्याची तयारी वर्गात कशी करून घ्यावी, हा माझा प्रश्न आहे. बँकेत, तंत्रज्ञान विभागात किंवा नियामकांबरोबर काम केलेल्या सभासदांनी संस्थेचे नाव न घेता आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

ताळमेळकर
चांगला विषय काढलात. माझी बहुतेक नोकरी व्यवहारांचा ताळमेळ घालणाऱ्या विभागात गेली, त्यामुळे माझे उत्तर त्याच बाजूने येणार. या अधिकाऱ्यांना सहा महिने ताळमेळ विभागात बसवा.

कारण सांगतो. ग्राहकाला मोबाइलवर हिरवी खूण दिसते आणि त्याच्या दृष्टीने व्यवहार संपतो. प्रत्यक्षात तो संदेश ॲपकडून स्विचकडे (व्यवहार योग्य ठिकाणी वळवणाऱ्या प्रणालीकडे), स्विचकडून कोअर बँकिंगकडे (खात्यांच्या मूळ नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीकडे), तिथून दुसऱ्या बँकेकडे आणि शेवटी समाशोधनाकडे, म्हणजे बँकांमधील देण्याघेण्याच्या हिशेबाकडे जातो. या साखळीत एखादे उत्तर ठरलेल्या वेळेत परत आले नाही, तर टाइमआउट नोंदला जातो. पैसे एका खात्यातून वजा झालेले असतात, दुसऱ्यात जमा झाले की नाही हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते, आणि ती रक्कम दिवसअखेर सस्पेन्स खात्यात, म्हणजे न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, येऊन बसते. दुसऱ्या दिवशी आमचा माणूस चार प्रणालींचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) शेजारी शेजारी उघडून त्या एका व्यवहाराचा संदर्भ क्रमांक शोधतो. एका लॉगमध्ये वेळ सेकंदांत असते, दुसऱ्यात मिलिसेकंदांत, आणि तिसऱ्या प्रणालीने त्या क्रमांकाच्या आधीची शून्ये गाळून टाकलेली असतात. असा एकच व्यवहार ज्याने स्वतः शेवटपर्यंत माग काढून मिटवला आहे, त्याला 'आमची प्रणाली ९९ टक्के वेळा यशस्वी होते' असे कोणी सांगितले, तर उरलेल्या एका टक्क्यात कोण अडकले आहे हे तो आपोआप विचारतो.

सस्पेन्स खात्यातील नोंदी कशाने वाढल्या हे ज्याला वाचता येते, त्याला नव्या प्रणालीची तब्येत कोणत्याही सादरीकरणाच्या आधी कळते.

मधली फळी
ताळमेळकर यांच्याशी सहमत आहे, मात्र एक भीती आहे. अशा नेमणुकीत अधिकाऱ्याला 'पाहुणा' म्हणून वागवले जाते. त्याला अहवाल दाखवतात, चहा देतात आणि अवघड नोंदी त्याच्यापर्यंत येऊच देत नाहीत. त्याच्या नावावर ठरावीक नोंदींची जबाबदारी असली पाहिजे आणि त्या मिटेपर्यंत त्याची सुटका होता कामा नये.

जुनी_संहिता
मी प्रणाली-स्थलांतराच्या कामांत बरीच वर्षे आहे. अभ्यासमंडळ यांच्या प्रश्नातील 'कधी थांबवायची' हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्या विषयावर शिकवण्यासाठी ब्रिटनमधील टीएसबी बँकेइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही, आणि त्याचे चौकशी अहवाल सार्वजनिक असल्याने ते वर्गात ओळीओळीने वाचता येते.

एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने ५० लाखांहून अधिक ग्राहकांची खाती लॉइड्स समूहाच्या प्रणालीवरून, आपल्या नव्या स्पॅनिश मालकाने म्हणजे साबादेलने उभारलेल्या प्रणालीवर एका शनिवार-रविवारात हलवली. डेटा सुखरूप गेला, पण तो ज्या मंचावर गेला तो मंच कोलमडला. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना स्वतःची खाती उघडता येईनात, आणि कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पद सोडले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

प्रशिक्षणासाठी मौल्यवान भाग या आकड्यांच्या मागे आहे. स्थलांतर मुळात नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हायचे होते. ते होणार नाही हे उघड झाल्यावर वेळापत्रक नव्याने आखले गेले. बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने पुढे नोंदवले की, संचालक मंडळाने या नव्या वेळापत्रकाची पुरेशी उलटतपासणी केली नव्हती. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरांवर एकाच वेळी चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली होती. आता विचार करा, 'चाचणी दोन्ही ठिकाणी झाली का?' हा प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. त्यासाठी बैठकीच्या कागदांत 'चाचणी समाधानकारक' असे लिहिलेले असताना 'कोणती चाचणी, कुठे, किती भाराने, आणि कशाची झाली नाही' असे विचारण्याची सवय लागते.

नवी_वाट
वरील सर्व प्रतिसाद आदराने वाचले, पण मला काळजी वाटते. असा अभ्यासक्रम घेतला तर दीड वर्षानंतर अत्यंत सावध आणि नकार देण्यात पटाईत झालेली माणसे बाहेर पडतील, आणि बँकिंगमध्ये त्यांची वानवा कधीच नव्हती. मी काही काळ एका बँकेच्या नव्या उत्पादनांच्या गटात काम केले. तिथे एखादी कल्पना वाईट ठरल्यामुळे मेल्याचे क्वचितच पाहिले. सात समित्यांपैकी प्रत्येकाने 'आणखी थोडी माहिती आणा' असे म्हटल्यामुळे ती मरत असे.

केनियातील एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झाली ती सफारीकॉम या मोबाइल कंपनीकडून. बँकांकडे ग्राहक, परवाने आणि पैसा हे सर्व असूनही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय त्यांच्याआधी एका दूरसंचार कंपनीने लोकांच्या हातात दिली. आपला अभ्यासक्रम केवळ अपघातांवर बेतला, तर जे केलेच नाही त्याची किंमत कोण शिकवणार? न झालेल्या नुकसानीचा चौकशी अहवाल निघत नाही, म्हणून ती दिसत नाही एवढेच.

माझी सूचना अशी, की प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला छोटी रक्कम, चार माणसे आणि मर्यादित ग्राहकगट देऊन एक खरा प्रयोग करू द्यावा. तो फसला तरी त्याच्या वार्षिक मूल्यमापनावर डाग पडणार नाही, अशी लेखी हमीही द्यावी.

ताळमेळकर
नवी_वाट, आपला आक्षेप रास्त आहे आणि प्रयोगाची सूचना मला पटते. पण एम-पेसाचेच उदाहरण थोडे पुढे नेऊ या. तिची सुरुवातीची चाचणी २००५ च्या अखेरीस सुरू झाली, ती लघुकर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत या हेतूने. चाचणीतले लोक ती सोय एकमेकांना पैसे पाठवायला वापरू लागल्याचे चालकांच्या लक्षात आले, आणि कर्जाचा मूळ हेतू बाजूला ठेवून त्यांनी सेवा त्याभोवती उभी केली. तो नवा वापर त्यांना दिसला, कारण ते प्रत्यक्ष व्यवहारांकडे आणि एजंटांच्या अडचणींकडे रोज पाहत होते. म्हणजे मी ज्या जागी अधिकाऱ्याला बसवा म्हणतो आहे, त्याच जागेवरून चुका दिसतात आणि नव्या गरजाही तिथूनच दिसतात. आमच्या सस्पेन्स खात्यातही ग्राहक एखादी सुविधा भलत्याच कामासाठी वापरत असल्याच्या खुणा नेहमी सापडत. त्यातून काही उभारता आले असते, पण आमचा अहवाल उत्पादन विभागाकडे जातच नसे.

नवी_वाट
हे मान्य. तो अहवाल उत्पादन विभागाकडे जाण्याची व्यवस्था हाच मग एका प्रशिक्षणार्थ्याचा प्रयोग असू शकेल.

प्रतिमान_तपासनीस
कृत्रिम बुद्धिमत्तेवरील प्रकरण पूर्ण काढून टाकू नये असे मला वाटते. त्याचा रोख मात्र बदलावा. कर्जमंजुरी, घोटाळ्यांचा शोध आणि वसुली या तिन्ही ठिकाणी संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) आधीच निर्णय घेत आहेत, आणि त्या निर्णयांचे उत्तरदायित्व उद्या याच अधिकाऱ्यांवर येणार आहे.

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०११ मध्ये प्रतिमानांच्या जोखमीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतील मध्यवर्ती अपेक्षा अशी, की प्रतिमान बनवणाऱ्यांपासून स्वतंत्र असलेल्या, पुरेसे ज्ञान आणि पुरेसे वजन असलेल्या व्यक्तींनी त्याला परिणामकारक आव्हान द्यावे. यातील 'वजन' फार महत्त्वाचे आहे. आमच्या क्षेत्रात ज्ञान असलेली तरुण मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी शंका काढली की त्यांना 'व्यवसायाची समज नाही' असे सांगून गप्प केले जाते, आणि वजन असलेल्या मंडळींना शंका काय काढावी हे सुचत नाही. प्रशिक्षणाने ही दोन टोके एका माणसात आणायची आहेत.

एक सराव सुचवतो. प्रशिक्षणार्थ्याला एका चालू प्रतिमानाने नाकारलेला, ओळख पुसलेला कर्ज-अर्ज द्यावा आणि त्या ग्राहकाला पाठवायचे पत्र लिहायला सांगावे. 'आपला गुणांक कमी आहे' असे लिहिण्यास मनाई असावी. आपले कर्ज कोणत्या कारणाने नाकारले आणि काय बदलले तर विचार होऊ शकेल, हे साध्या भाषेत लिहायचे. मी हा सराव घेतला आहे. पहिल्या तासाभरात बहुतेकांच्या लक्षात येते की, आपल्याला कारणच ठाऊक नाही; मग ते प्रतिमान बनवणाऱ्यांकडे जातात, आणि कधी कधी कारण त्यांनाही सांगता येत नाही. त्या शांततेतून पुढची सगळी चर्चा आपोआप सुरू होते.

२०१९ मध्ये गोल्डमन सॅक्सने दिलेल्या ॲपल कार्डाबाबत, पतीपत्नींना वेगवेगळी पतमर्यादा मिळत असल्याच्या तक्रारी गाजल्या. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाने तपास करून मार्च २०२१ मध्ये बेकायदा भेदभाव आढळला नसल्याचे सांगितले, पण ग्राहकांना स्पष्टीकरण देण्यातील उणिवांवर बोट ठेवले. निर्णय कायद्याला धरून असला, तरी तो समजावून सांगता आला नाही तर विश्वास जातो, हे शिकवायला ही घटना उपयोगी आहे.

शंकेखोर
म्हणजे आता परीक्षेत उत्तरांऐवजी प्रश्नांना गुण द्यावे लागणार! पेपर तपासणाऱ्यांची मात्र कसोटी आहे.

खुर्चीमागून
मी मनुष्यबळ विभागात काम केले असल्याने एक वेगळा मुद्दा मांडतो. प्रशिक्षण कितीही उत्तम झाले, तरी बढती आणि बदली यांचे नियम त्याच्या विरुद्ध दिशेने ओढत असतील, तर वर्षभरात त्याचा मागमूस राहत नाही.

मोठ्या प्रणालीचा निर्णय घेतल्यापासून तिचे खरे परिणाम दिसेपर्यंत चार-पाच वर्षे जातात, आणि होतकरू अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होते. त्यामुळे प्रकल्प सुरू केल्याचे श्रेय एकाला मिळते, तो चालवण्याचा त्रास दुसऱ्याच्या वाट्याला येतो, आणि कोणीच स्वतःच्या निर्णयाचा शेवट पाहत नाही. मी एका मूल्यमापन समितीचे काम जवळून पाहिले. 'नवीन उपक्रम सुरू केले' यासाठी गुणपत्रकात वेगळा रकाना होता, पण 'यशस्वी न होणारा उपक्रम वेळीच बंद केला' यासाठी कोठेही जागा नव्हती. एका अधिकाऱ्याने मोठा खर्च वाचवत एक प्रकल्प मध्येच थांबवला होता, आणि त्याच्या अहवालात त्याविषयी 'उद्दिष्ट अपूर्ण' असा शेरा आला. हे पाहणाऱ्या कनिष्ठांनी त्यातून काय शिकावे?

जबाबदारी माणसाच्या नावावर लावण्याचे काही सार्वजनिक दाखले आहेत, तेही वर्गात यावेत. जुनी_संहिता यांनी सांगितलेल्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये टीएसबीच्या माजी मुख्य माहिती अधिकाऱ्याला, बाह्य पुरवठादाराकडून होणाऱ्या कामाच्या जोखमीकडे पुरेसे लक्ष न दिल्याबद्दल, व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. सिंगापूरची डीबीएस ही डिजिटल बँकिंगमध्ये जगभर नावाजलेली बँक. २०२३ मध्ये तिच्या सेवा वारंवार ठप्प झाल्या, तेव्हा तेथील नियामकाने अत्यावश्यक नसलेले बदल सहा महिने थांबवायला लावले, आणि बँकेने स्वतःच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या त्या वर्षीच्या बदलत्या वेतनात ३० टक्के कपात केली. सर्वांत पुढे असलेल्या संस्थेवरही ही वेळ येते, आणि ती आल्यावर वरिष्ठांनी काय करावे याचा एक नमुना त्यातून दिसतो.

युरोपीय संघात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या, वित्तसंस्थांच्या डिजिटल कामकाजाच्या भक्कमपणाविषयीच्या 'डोरा' नियमावलीचे पाचवे कलमही पाहावे. तंत्रज्ञानविषयक जोखमीची अंतिम जबाबदारी व्यवस्थापन मंडळावर आहे, आणि मंडळाच्या सदस्यांनी ही जोखीम समजण्यासाठी नियमित प्रशिक्षण घेऊन आपले ज्ञान अद्ययावत ठेवावे, असे ते सांगते. 'ते तांत्रिक आहे, विभागाला विचारा' हे उत्तर देण्याची सोय तिथे कायद्यानेच काढून घेतली आहे.

नवशिकी
मी स्वतः मसुद्यात म्हटलेल्या मधल्या फळीतली अधिकारी आहे. एक शंका विचारते. पडद्यावरची एखादी चौकट कशी दिसावी किंवा लॉगमध्ये शून्ये गळतात का, हे पाहणे खरेच प्रमुखाचे काम आहे का? इतक्या तपशिलात गेले तर मोठे चित्र सुटणार नाही का?

जुनी_संहिता
नवशिकी, चांगली शंका आहे, आणि तिचे उत्तर एका पडद्यावरच मिळते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या कंपनीच्या वतीने तिच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलरचे व्याज द्यायचे होते. ते देताना मुद्दलाची रक्कम बँकेच्या अंतर्गत खात्यात ठेवायची होती, आणि त्यासाठी प्रणालीत तीन चौकटी भरणे आवश्यक होते. कर्मचाऱ्यांनी एकच भरली. जवळपास ९० कोटी डॉलर बँकेच्या स्वतःच्या पैशातून बाहेर गेले, आणि त्यांतील सुमारे ५० कोटी परत मिळवण्यासाठी सप्टेंबर २०२२ मधील अपील न्यायालयाच्या निकालापर्यंत झगडावे लागले.

यात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी, की तो व्यवहार तिघांनी तपासून मंजूर केला होता. कागदावर नियंत्रण भक्कम होते. तिघेही एकच गोंधळात टाकणारा पडदा पाहत होते आणि एक चौकट पुरेशी आहे असा तिघांचाही समज होता, त्यामुळे तिसऱ्या सहीने दुसऱ्या सहीत काहीच भर घातली नाही. प्रमुखाने स्वतः चौकटी मोजू नयेत, हे खरे. पण आपल्या बँकेत मेकर-चेकरची (एकाने नोंदवायचे, दुसऱ्याने तपासायचे) व्यवस्था कोठे खरी आहे आणि कोठे नुसत्या सह्यांची आहे, हे ओळखणे त्याच्याच कक्षेत येते, आणि ज्याने कधी तो पडदा वापरलाच नाही त्याला ते ओळखता येत नाही. जुना पडदा बदलण्याचा खर्च मंजूर किंवा नामंजूर करणारी सही तर शेवटी त्याचीच असते.

नवशिकी
धन्यवाद. तिसऱ्या सहीचा मुद्दा मी उद्याच आमच्या विभागात तपासून पाहणार आहे.

रात्रपाळी
सराव-प्रसंगांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे आणीबाणीचा सराव सकाळी अकराला, आधी कळवून, सभागृहात होत असे आणि सर्वांना आपापली वाक्ये पाठ असत. खरी आणीबाणी अशी येत नाही. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवरील हल्ल्यात चोरांनी फेब्रुवारी २०१६ मधील गुरुवारची रात्र निवडली. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कमध्ये सुट्टी आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. आंतरराष्ट्रीय संदेश आपोआप छापणारा प्रिंटर बंद पडलेला आढळला, तो नेहमीचा बिघाड समजला गेला, आणि दरम्यान ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. 'प्रिंटर चालत नाही' ही तक्रार कोणाकडे जाते आणि ती कोणत्या क्षणी प्रमुखापर्यंत पोहोचायला हवी, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा दिवस चर्चा घेता येईल.

वेगाचेही तसेच आहे. ९ मार्च २०२३ या एका दिवसात सिलिकॉन व्हॅली बँकेतून ४२०० कोटी डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. तिचे मूळ दुखणे व्याजदर आणि ठेवींच्या एकाच प्रकारावरील भिस्त, म्हणजे बँकिंगचे जुनेच दुखणे होते. मोबाइलने आणि समाजमाध्यमांनी विचार करायला मिळणारा अवधी तेवढा हिरावून घेतला. म्हणून मसुद्यातून रोखता (मागणी आल्यावर देण्यापुरता पैसा हाती असणे) आणि मालमत्ता-दायित्व व्यवस्थापन (बँकेची येणी आणि देणी यांचा मेळ राखणे) हे 'जुने' विषय कमी करून 'नवे' भरू नयेत, असे आवर्जून सांगते.

सराव शुक्रवारी संध्याकाळी, न कळवता, अर्धवट आणि परस्परविरोधी माहिती देऊन सुरू करावा, आणि मुख्य तज्ज्ञाचा फोन मुद्दाम बंद ठेवावा.

अभ्यासमंडळ
सर्वांचे मनापासून आभार. मसुदा नव्याने लिहायला घेतला आहे. तंत्रज्ञानाच्या प्रत्येक नावाला वेगळे प्रकरण देण्याऐवजी ते सर्व मिळून तीन आठवड्यांत बसवते. टीएसबीचा अहवाल, नाकारलेल्या अर्जाचे पत्र आणि न कळवलेला सराव हे तिन्ही घेतले आहेत. नवी_वाट यांचा प्रयोग दुसऱ्या टप्प्यात ठेवला असून फसलेल्या प्रयोगाबद्दलच्या लेखी हमीची मागणी व्यवस्थापनाकडे केली आहे. खुर्चीमागून यांचा बढतीविषयीचा मुद्दा माझ्या अधिकारात येत नाही, तरी गुणपत्रकातील रकान्याचा प्रस्ताव मसुद्यासोबत जोडून पाठवते आहे.

ताळमेळ विभागातील सहा महिन्यांना मान्यता मिळणे कठीण दिसते, तीन मिळतील. माझा एकच प्रश्न उरतो: या तीन महिन्यांचे मूल्यमापन कोणी आणि कसे करावे?

ताळमेळकर
तीन महिनेही पुरतील, पण त्यात एक तिमाहीअखेर आली पाहिजे, कारण त्या दिवशीचा भार वेगळाच असतो. मूल्यमापन बाहेरच्या तज्ज्ञाकडे देऊ नका. विभागातील ज्येष्ठ कर्मचारी परीक्षक म्हणून बसवा, मग त्यांची श्रेणी प्रशिक्षणार्थ्यापेक्षा खालची असली तरी चालेल. प्रशिक्षणार्थ्याने न जुळलेल्या दहा नोंदी स्वतः मिटवाव्यात, त्यांपैकी कोणत्या पुन्हा उद्भवतील हे लिहून द्यावे, आणि त्या उद्भवू नयेत म्हणून कोणत्या विभागाने काय बदलावे याची एका पानाची टिपणी त्या विभागाच्या प्रमुखासमोर उभे राहून मांडावी. गुण त्या मांडणीनंतर, परीक्षकांनी द्यावेत. सरावासाठी ग्राहकांची ओळख पुसलेले नमुना लॉग तयार करून देण्याची माझी तयारी आहे. चारही प्रणालींचे हवेत की स्विच आणि कोअरचे पुरेत, ते कळवावे.

अभ्यासमंडळ
चारही हवेत, आणि गळालेली शून्ये तशीच राहू द्यावीत.